मिरजेचा बंदोबस्त आणि पुण्याचं आयुक्तालय

[पहाट. सांगलीतलं एक मैदान. धावणाऱ्या पायांचा आवाज.]

पहाटेचे साडेपाच वाजलेत. मैदानावर अजून चेहरे ओळखू येत नाहीत, पण धावणाऱ्या पायांचा आवाज सुरू झालाय. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडची ही पोरं-पोरी. चौघं-पाचजण मिळून खोली करून राहतात, सकाळी पळतात, दुपारी अभ्यासिकेत बसतात. पोरांना 1600 मीटर, पोरींना 800. मग 100 मीटर, मग गोळाफेक. मैदानाचे 50 गुण आणि लेखीचे 100. घरच्यांचं स्वप्न एकच असतं, पोरगं भरती व्हावं.

पण भरती होणार म्हणजे नेमकं कुठं? पोलीस खात्यात शिरायला तीन दारं आहेत. या मैदानातून जातं ते पहिलं, शिपायाचं. दुसरं एमपीएससीचं, तिथून थेट फौजदार होता येतं आणि प्रशिक्षण नाशिकच्या पोलीस अकादमीत. तिसरं यूपीएससीचं, आयपीएसचं, ते हैदराबादेतून येतं. एकाच इमारतीत, एकाच रंगाच्या वर्दीत ही तिन्ही माणसं काम करतात, पण त्यांचे रस्ते फार वेगळे. शिपाई भरती घटकवार होते. सांगली जिल्हा हा एक घटक, पुणे शहर दुसरा, बृहन्मुंबई आणखी वेगळा. सांगलीत भरती झालेला शिपाई ठाणी बदलतो, जिल्हा सहसा बदलत नाही. त्याचे साहेब मात्र दर दोन-तीन वर्षांनी नवे असतात.

खातं कसं चालतं हे समजून घ्यायचं असेल तर ही गोष्ट लक्षात ठेवून पुढे बघा. हुकूम वरून खाली येतो. माहिती मात्र खालून वर जाते.

[पोलीस ठाणे. आतलं टेबल, जाड वह्या, संगणक, बिनतारी संच.]

ठाण्यात शिरल्यावर समोर जे टेबल दिसतं ते ठाणे अंमलदाराचं. तक्रार घेऊन आलेला माणूस पहिल्यांदा इथं उभा राहतो आणि बहुतेकांसाठी पोलीस खातं म्हणजे हे टेबलच. सकाळी ड्युटी बदलते. आधीचा अंमलदार उठण्यापूर्वी नव्याला सगळं मोजून देतो. कोठडीत आरोपी किती, शस्त्रं किती, बंदोबस्तावर कोण गेलंय, कोण रजेवर आहे. मग स्टेशन डायरीला नोंद पडते, वेळेसह. त्या नोंदीनंतरच पहिला माणूस घरी जाऊ शकतो. आता हे काम संगणकावर होतं, तरी ‘डायरीला घे’ हा शब्द ठाण्यात दिवसभर कानावर पडतो.

या टेबलामागच्या खोल्यांत ठाण्याची खरी स्मरणशक्ती आहे. मुद्देमाल कारकून जप्त केलेली प्रत्येक वस्तू सांभाळतो. चोरीची सायकल, कोयता, मोबाईल, सगळ्यांना चिठ्ठ्या लावलेल्या. त्यातली एक चिठ्ठी जरी हरवली तरी कोर्टात अख्खा खटला डळमळतो. गोपनीयचा अंमलदार कुठल्या गल्लीत काय शिजतंय याची खबर ठेवतो. आणि बीट अंमलदार! त्याच्याकडे दोन-चार गल्ल्या किंवा काही गावं असतात आणि त्यातलं घर न् घर त्याला माहीत असावं अशी अपेक्षा असते. गावात त्याच्या जोडीला पोलीस पाटील. हे पद 1967 च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमावर उभं आहे, आजही.

वर्दी वाचायला शिकलात तर ठाणं लवकर कळतं. बाहीवर तीन फिती म्हणजे हवालदार. खांद्यावर दोन तारे आणि लाल-निळी फीत म्हणजे उपनिरीक्षक, आपण ज्याला फौजदार म्हणतो तो. तीन तारे आणि तीच फीत म्हणजे पोलीस निरीक्षक, पीआय, ठाण्याचा प्रभारी. तीन तारे आहेत पण फीत नाही, तर तो उपअधीक्षक. आणि खांद्यावर अशोकस्तंभ दिसला की समजायचं, अप्पर अधीक्षक, अधीक्षक किंवा त्यावरचं कुणीतरी. शिपाई आणि हवालदार यांच्या मधलं पोलीस नाईक हे पद 2022 मध्ये रद्द झालं. शिपायाला निवृत्तीपर्यंत फौजदार होण्याची वाट मोकळी व्हावी हा त्यामागचा हेतू. पहाटे पळणाऱ्या त्या पोरांसाठी ही छोटी गोष्ट नाही.

[सांगली-मिरज रस्ता. पोलीस मुख्यालय, कवायतीचं मैदान.]

जिल्ह्याचा प्रमुख पोलीस अधीक्षक, एसपी. त्यांच्या हाताखाली अप्पर अधीक्षक. मग सांगली, मिरज, तासगाव, विटा, इस्लामपूर (आताचं ईश्वरपूर), जत असे उपविभाग, प्रत्येकावर एक उपविभागीय पोलीस अधिकारी. ठाणी त्यांच्या देखरेखीखाली. याखेरीज थेट अधीक्षकांच्या हाताखाली चालणाऱ्या शाखा वेगळ्या. स्थानिक गुन्हे शाखा, म्हणजे बातम्यांत रोज येते ती एलसीबी. आर्थिक गुन्हे, सायबर, वाहतूक. 112 वर फोन केला की ज्यांच्यापर्यंत निरोप पोचतो तो नियंत्रण कक्ष, सगळे त्याला ‘कंट्रोल’ म्हणतात. महिन्याला क्राईम मीटिंग होते. प्रत्येक ठाण्याचा पीआय फाइली घेऊन बसतो आणि साहेब एकेक गुन्हा काढून विचारतात, तपास कुठवर आला.

अधीक्षकांच्या वर कोल्हापूर. तिथले विशेष पोलीस महानिरीक्षक कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर ग्रामीण आणि पुणे ग्रामीण या पाच घटकांवर लक्ष ठेवतात. त्यांच्याही वर पोलीस महासंचालक, मुंबईत कुलाब्याला. आणि सगळ्यात वर मंत्रालयातलं गृहखातं.

[पुणे. आयुक्तालय. मग मुंबई, क्रॉफर्ड मार्केटचा परिसर.]

आता शहराकडे चला. आपल्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी पुण्याला किंवा मुंबईला आहेच. तिथं एसपी नसतो, आयुक्त असतो. मुंबईला पहिला पोलीस आयुक्त 1864 मध्ये मिळाला, फ्रँक सौटर. पुणे आणि नागपूरला आयुक्तालय झालं 1965 मध्ये. पिंपरी-चिंचवडचं तर अगदी अलीकडचं, 15 ऑगस्ट 2018 चं.

मोठं शहर एका माणसाच्या आवाक्यात मावत नाही, म्हणून त्याचे तुकडे करून कारभार वाटला जातो. मुंबईत आयुक्तांच्या हाताखाली सह आयुक्त असतात आणि प्रत्येकाचं खातं वेगळं: कायदा व सुव्यवस्था, गुन्हे, प्रशासन, वाहतूक, आर्थिक गुन्हे. शहराचे प्रादेशिक विभाग पाडलेत, प्रत्येकावर एक अप्पर आयुक्त. विभागाखाली परिमंडळ, त्यावर उपायुक्त, म्हणजे डीसीपी. परिमंडळाखाली सहायक आयुक्त, एसीपी. मग ठाणं. ठाण्यातही एकटा पीआय नसतो. वर वरिष्ठ पोलीस निरीक्षक, आणि त्यांच्या हाताखाली आणखी निरीक्षक. सांगलीचा पीआय गुन्हेही बघतो, गणपतीही बघतो, आणि मंत्री आले की गाड्यांचा ताफाही तोच बघतो.

हुद्द्यांची नावं बदलली एवढाच हा फरक असता तर मी तुमचा वेळ घेतला नसता. खरा फरक सहीचा आहे.

सांगलीत सण तोंडावर आला की पेपरात बातमी येते, जिल्ह्यात शस्त्रबंदी आणि जमावबंदीचा आदेश लागू. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम 37. या आदेशावर सही जिल्हादंडाधिकारी कार्यालयाची असते, म्हणजे महसूल खात्याची. पोलीस अहवाल देतात, आदेश कलेक्टर कचेरीतून निघतो. पुण्यात तोच आदेश पोलीस आयुक्तालयातून निघतो. हद्दपारीचंही तसंच. टोळीला जिल्ह्याबाहेर काढायचं तर कलम 55 खाली अधीक्षकांना ते करता येतं. पण एकट्या गुंडाचा कलम 56 चा प्रस्ताव इथं प्रांतांकडे, म्हणजे महसूल खात्याच्या उपविभागीय अधिकाऱ्याकडे जातो, तिथं सुनावणी होते, मग निकाल. पुण्यात ती सुनावणीही डीसीपीच घेतात. बंदुकीचा परवाना इथं कलेक्टर देतात, तिथं आयुक्त. धोकादायक गुंडांना आधीच अडकवून ठेवणारा कायदा म्हणजे एमपीडीए, त्याखाली एखाद्याला स्थानबद्ध करायचं तरी हाच भेद.

सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महापालिका झाली 1998 मध्ये. 2011 च्या जनगणनेत तिची लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर होती. शहर वाढतंय, तसं आपल्याकडेही आयुक्तालय हवं असं कुणी ना कुणी बोलून दाखवतंच. मला त्याची घाई वाटत नाही. ज्या खात्याने माणसाला पकडलं त्याच खात्याने त्याला शहराबाहेर काढायचं, यात वेग आहे खरा. पण प्रांताच्या टेबलावर तो माणूस वकील घेऊन उभा राहतो, पोलिसांचा प्रस्ताव दुसऱ्या खात्याचा अधिकारी वाचतो, उलट प्रश्न विचारतो. तो जो उशीर होतो, त्या उशिरात एखाद्या निरपराध माणसाचं घर वाचू शकतं. मुंबईसारख्या अफाट शहराची निकड वेगळी आहे, हे मान्य. आपल्या शहराने मात्र ही दुसरी सही सोडण्यापूर्वी चारदा विचार करावा.

[मिरज. अनंत चतुर्दशी. स्वागत कमानी, ढोल, गर्दी.]

खात्याची सगळी उतरंड एकाच वेळी कामाला लागलेली बघायची असेल तर अनंत चतुर्दशीला मिरजेत या. इथली मिरवणूक एका दिवसात संपत नाही. सकाळी सुरू होते, रात्र सरते, दुसरा दिवस उजाडतो, तरी गणेश तलावाकडे गणपती येतच असतात. रस्त्यावर उंचच उंच स्वागत कमानी. 2009 च्या सप्टेंबरात अशाच एका कमानीवरच्या चित्रावरून दंगल झाली आणि गावावर संचारबंदी आली. मिरजेतल्या माणसांनी ते दिवस सोसलेत, आणि पोलिसांनीही.

म्हणून बंदोबस्ताचा कागद कित्येक आठवडे आधी तयार व्हायला लागतो. मंडळांच्या बैठका, शांतता समितीच्या बैठका, कमानींच्या परवानग्या. मार्गाचे भाग पाडून प्रत्येकावर एक अधिकारी. कोपऱ्या-कोपऱ्यावर फिक्स पॉइंट. तिथल्या शिपायाने जागा सोडायची नाही. बाहेरून राज्य राखीव दलाची तुकडी येते, होमगार्ड येतात. दंगल नियंत्रण पथक गल्लीआड उभं असतं, दिसेल न दिसेल असं.

पण ऐनवेळी उपयोगी पडतो तो बीटचा जुना हवालदार. दोन मंडळं समोरासमोर आली, ढोल थांबेना, पोरं हमरीतुमरीवर आली, की साहेब त्यालाच पुढे करतात. तो लाठी उगारत नाही. मंडळाच्या जाणत्या माणसाला बाजूला घेतो, त्याच्या वडिलांचं नाव घेऊन बोलतो आणि म्हणतो, ‘अण्णा, मागच्या साली तुमचा गणपती आधी गेला, आता त्यांचा जाऊ दे.’ हैदराबादेत किंवा नाशिकला हे शिकवता येत नाही. 2019 च्या ऑगस्टातल्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेने 57 फुटांची पातळी ओलांडली, तेव्हाही बाहेरून आलेल्या पथकांना गरज होती ती हीच. कुठल्या बोळात म्हातारं माणूस एकटं राहतं, हे सांगणाऱ्या माणसाची.

[जुनी छायाचित्रं. मग रिकामी खुर्ची, टेबलावर फाइल.]

खात्याच्या नेतृत्वाबद्दल बोलताना आपल्या जिल्ह्याला दोन नावं विसरता येत नाहीत. 2 जानेवारी 1961 ला पंडित नेहरूंच्या हस्ते महाराष्ट्र पोलिसांना ध्वज मिळाला, तेव्हा मुख्यमंत्री होते देवराष्ट्रेचे यशवंतराव चव्हाण. दुसरे अंजनीचे आर. आर. पाटील, आपले आबा, बरीच वर्षं गृहमंत्री. तंटामुक्त गाव मोहीम त्यांच्याच काळातली, 2007 ची. गावचं भांडण गावातच मिटावं, ठाण्याची पायरी चढायला लागू नये, हा विचार तासगाव तालुक्यातल्या माणसालाच सुचू शकतो असं मला नेहमी वाटतं.

आणि मंत्र्याच्या मर्जीवर साहेबाची खुर्ची हलू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं 2006 मध्ये, प्रकाश सिंह खटल्यात. महासंचालक, अधीक्षक, ठाण्याचा प्रभारी यांना किमान दोन वर्षं मिळालीच पाहिजेत. महाराष्ट्राने त्यासाठी 2014 मध्ये कायदा बदलला, बदल्यांसाठी पोलीस आस्थापना मंडळं आली. तरीही मुदतीआधीच्या बदल्यांच्या बातम्या आपण वाचतोच. दोन वर्षं खरोखर मिळाली तर अधिकाऱ्याला पहिलं वर्ष जिल्हा ओळखण्यात जातं आणि दुसऱ्यात काम होतं. सहा महिन्यांत उचलला तर तो फक्त सत्काराचे हार घेऊन जातो.

खालच्या माणसाचं ऐकणं हाही नेतृत्वाचाच भाग. 1982 च्या ऑगस्टात मुंबईत शिपायांचा असंतोष रस्त्यावर आला तेव्हा पोलिसांनाच आवरायला बाहेरची दलं आणावी लागली. घर, ड्युटीचे तास, साहेबांची वागणूक. शिपायाला संघटना काढता येत नाही, संप करता येत नाही. मग त्याने बोलायचं कुठं? खात्यात त्यासाठी दरबार भरतो. सगळे समोर बसतात आणि शिपाई उभा राहून थेट अधीक्षकांना आपली अडचण सांगतो, मधल्या कुणाची परवानगी न घेता. क्वार्टर गळतंय, पोरीच्या दहावीच्या वर्षात बदली नको, आईला डायलिसिसला न्यायचंय. चांगला अधीक्षक ओळखायचा तर मी त्याच्या पत्रकार परिषदेपेक्षा त्याचा दरबार बघेन.

[मिरज. दुसऱ्या दिवशीची दुपार. गणेश तलाव.]

शेवटचा गणपती पाण्यात गेला. रस्त्यावर गुलाल, तुटलेल्या चपला, नारळाच्या शेंड्या. फिक्स पॉइंटवरची एक महिला शिपाई पहिल्यांदाच कठड्यावर बसलीय. बूट सैल केलेत, मांडीवर गार झालेलं पुरीभाजीचं पाकीट आहे. बिनतारीवर कंट्रोल एकेका पॉइंटला विचारत चाललंय. ती उठते, टोपी सरळ करते, आपल्या पॉइंटचा नंबर सांगते. सर्व ठीक.

तिकडे ठाण्यात अंमलदाराने डायरी पुढे ओढलीय. विसर्जन शांततेत पार पडले, बंदोबस्त परत. वेळ दुपारची. खाली सही.