‘अनवॉरंटेड’ म्हणजे खोटे नव्हे

नमस्कार. आज एकाच इंग्रजी विशेषणाविषयी बोलणार आहे, ‘अनवॉरंटेड’. गोव्यातील इंग्रजी दैनिकांत ‘अनवॉरंटेड रिमार्क’, ‘अनवॉरंटेड इंटरफिअरन्स’ असे शब्दप्रयोग नेहमी दिसतात आणि आपण त्यांचे भाषांतर घाईने ‘खोटा’ किंवा ‘नकोसा’ असे करून मोकळे होतो. दोन्ही अर्थ चुकीचे आहेत. ‘नकोसा’ तर ‘अनवॉन्टेड’ या वेगळ्याच शब्दाचा अर्थ आहे.

मुळात ‘वॉरंट’ म्हणजे अधिकार देणारी किंवा हमी देणारी गोष्ट. उत्तर फ्रान्सच्या बोलीतून हा शब्द ‘व’ घेऊन इंग्रजीत आला; फ्रेंचच्या दुसऱ्या शाखेत त्याच ठिकाणी ‘ग’ होता, म्हणून इंग्रजीत ‘वॉरंटी’ आणि ‘गॅरंटी’ हे दोन्ही शब्द नांदतात. पोर्तुगीजमधील ‘गारांतिया’ही त्याच कुळातला. तेव्हा ज्या कृतीला, टीकेला किंवा निष्कर्षाला परिस्थितीने आधार दिलेला नाही, ती ‘अनवॉरंटेड’. मराठीत अनाठायी, नाहक, असमर्थनीय.

येथे ‘बेसलेस’शी असलेला भेद महत्त्वाचा आहे. ‘बेसलेस’ आरोपाला पुराव्याचा आधार नसतो. ‘अनवॉरंटेड’ शेरा मात्र अक्षरशः खरा असूनही अनाठायी असू शकतो. चवथीला गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली सगळे नातेवाईक जमलेले असताना एखाद्या मुलाचे बारावीचे कमी गुण कोणी मोठ्याने सांगितले, तर ती माहिती खरी असेल, परंतु ती तेथे उच्चारण्याचे काहीही कारण नव्हते. अशा वेळी ‘निराधार’ हे भाषांतर वाचकाची दिशाभूल करते, आणि वृत्तपत्रांतून ते सर्रास आढळते.

याहून सूक्ष्म भेद ‘वॉरंटलेस’शी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ नुसार पोलिसांना काही परिस्थितींत वॉरंटाशिवाय अटक करता येते. अशी अटक ‘वॉरंटलेस’ असते, पण कायद्याच्या अटी पाळल्या असतील तर ती ‘अनवॉरंटेड’ ठरत नाही. उलट, हाती वॉरंट असूनही झडतीच्या वेळी घरच्या माणसांशी केलेली दांडगाई ‘अनवॉरंटेड’च म्हटली जाईल.

हे विशेषण शक्यतो माणसाला लावत नाहीत. ते कृतीला, भीतीला, विलंबाला किंवा गृहीतकाला लावतात. आणखी एक रचना अतिशय उपयोगी आहे, ती म्हणजे ‘नॉट अनवॉरंटेड’. जुलै १९८६ मध्ये पणजीजवळचा मांडवीवरील नेहरू पूल कोसळला. त्यानंतर नदीवरील कोणत्याही पुलाविषयी एखाद्या पणजीकराने शंका व्यक्त केली असती, तर ती शंका खरी ठरो वा न ठरो, तिला ‘नॉट अनवॉरंटेड’ म्हणता आले असते. मराठीत आपण म्हणू, शंका अगदीच अनाठायी नव्हती.