नाव तपासायचे, पण लिहून ठेवायचे नाही

[दृश्य: दुकानाच्या काउंटरवर छापील फॉर्म, शेजारी गिऱ्हाइकाचा वाहन परवाना.]

अमेरिकेत परवानाधारक दुकानातून पिस्तूल घ्यायचे तर ते ताब्यात मिळण्याआधी फॉर्म क्रमांक ४४७३ भरावा लागतो. नाव, पत्ता, जन्मस्थळ, उंची, वजन असा तपशील लिहून झाला की प्रश्न सुरू होतात: ही बंदूक तुम्ही स्वतःसाठीच घेत आहात ना, गंभीर गुन्ह्यात कधी दोषी ठरला आहात का, तुम्ही फरारी आहात का, बेकायदा अमली पदार्थांचे सेवन करता का. फरारी माणूस या रकान्यात ‘हो’ लिहील अशी कुणाचीच अपेक्षा नसते. मात्र खोटे उत्तर देणे हाच स्वतंत्र गुन्हा ठरतो आणि प्रश्नाचा खरा उपयोग तिथे आहे.

हे प्रश्न १९६८ च्या कायद्यामुळे आले, पण पुढची पंचवीस वर्षे केंद्रीय कायद्याने उत्तरे पडताळून पाहण्याची सोयच केलेली नव्हती. ३० मार्च १९८१ रोजी वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्यावर ज्या रिव्हॉल्व्हरमधून गोळ्या झाडल्या गेल्या, ते हल्लेखोराने डॅलसमधल्या एका गहाणवटीच्या दुकानातून, फॉर्मवर खोटा पत्ता लिहून घेतले होते. त्या गोळीबारात रेगन यांचे प्रसिद्धी सचिव जेम्स ब्रेडी डोक्याला गोळी लागून कायमचे अपंग झाले. त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा कायदा १९९३ मध्ये मंजूर झाला आणि ३० नोव्हेंबर १९९८ पासून देशव्यापी तत्काळ तपासणी सुरू झाली.

तिढा असा होता की १९८६ च्या आणखी एका कायद्याने केंद्र सरकारला बंदूकमालकांची नोंदवही तयार करण्यास आधीच मनाई केली होती. आज सरकारजवळ यादी असली तर उद्या त्याच यादीवरून घरोघरी जप्ती होईल, ही धास्ती तिथल्या मोठ्या वर्गाच्या मनात पक्की बसलेली आहे. ती अनाठायी वाटली तरी यादी हाती असली की सरकारला काय करता येते, हे आपल्याला ठाऊक आहे. महाराष्ट्रात निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांना शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात; कोणाच्या घरी काय आहे याची नोंद आधीपासून असते म्हणूनच ते शक्य होते. आपल्याला हे रीतसर वाटते, अमेरिकेतल्या अनेकांना नेमके हेच नको असते.

[दृश्य: वेस्ट व्हर्जिनियातील क्लार्क्सबर्ग, एफबीआयच्या तपासणी केंद्राची इमारत.]

म्हणून तपासणीची रचनाच विसरण्याच्या अटीवर झाली. दुकानदार खरेदीदाराचे नाव आणि जन्मतारीख कळवतो. हातबंदूक आहे की लांब नळीची, एवढेच सांगतो. कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक यांतले काहीही क्लार्क्सबर्गला कळत नाही. तिकडून ‘विक्री करा’, ‘थांबा’ किंवा ‘नकार’ यांपैकी एक उत्तर येते. ‘विक्री करा’ असे उत्तर गेले की खरेदीदाराची ओळख पटवणारी माहिती चोवीस तासांच्या आत पुसून टाकावी लागते. ‘थांबा’ म्हटल्यावर कामकाजाचे तीन दिवस उलटले आणि अंतिम उत्तर आले नाही, तर दुकानदाराला सर्वसाधारणपणे विक्री करण्याची मुभा मिळते.

एवढ्यानेही ज्यांचे समाधान झाले नाही, त्यांनी प्रवाहाची दिशाच उलटवण्याची कल्पना मांडली. खरेदीदाराचे नाव सरकारकडे पाठवायचेच कशाला? ज्यांना बंदूक बाळगण्यास कायद्याने बंदी आहे त्यांची यादी सरकारनेच सांकेतिक रूपात दुकानदारांकडे पाठवावी, दुकानदाराने आपल्याच संगणकावर नाव घालून पाहावे, आणि कोणी कधी काय विचारले याचा मागमूस सरकारकडे राहू नये. ‘ब्लाइंड आयडेंटिफिकेशन डेटाबेस सिस्टम’ या नावाने मांडला गेलेला हा प्रस्ताव कागदावर देखणा आहे. पण बंदी असलेल्यांमध्ये केवळ गुन्हेगार नसतात. न्यायालयाच्या आदेशाने मनोरुग्णालयात दाखल झालेले लोकही असतात. यादी कितीही सांकेतिक केली तरी ज्याच्या संगणकावर ती आहे, त्याला शेजाऱ्याचे किंवा होणाऱ्या जावयाचे नाव घालून पाहता येईल, आणि विचारणेची नोंदच नसल्याने हा चोंबडेपणा कधी उघडकीस येणार नाही. खरेदीदाराची खासगी बाब इथे झाकली जाते ती दुसऱ्या कुणाची उघडी टाकून, आणि हा सौदा मला तरी पटत नाही.

त्यापेक्षा ओक्लाहोमाचे सिनेटर टॉम कोबर्न यांनी २०१३ मध्ये सुचवलेला मार्ग अधिक व्यवहारी होता. खासगी विक्रीत, म्हणजे विकणारा दुकानदार नसून साधा नागरिक असेल तेव्हा, केंद्रीय कायदा तपासणी मागत नाही. कोबर्न यांचे म्हणणे असे की खरेदीदारानेच संकेतस्थळावर स्वतःची तपासणी करून घ्यावी, मुदतीचा पास मिळवावा आणि विकणाऱ्याला दाखवावा. याने पास घेतला एवढेच सरकारला कळेल. बंदूक घेतली की नाही, हे कळणार नाही. खासगी विक्रीपर्यंत तपासणी वाढवू पाहणारा, मॅन्चिन आणि टूमी या दोन सिनेटरांचा प्रस्ताव त्याच वर्षी एप्रिलमध्ये सिनेटमध्ये मतदानाला आला. नोंदवही बनवणाऱ्या अधिकाऱ्याला पंधरा वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद त्यात मुद्दाम घातलेली होती, तरीही आवश्यक साठ मतांऐवजी त्याला ५४ मतेच मिळाली.

यादी कुठे ठेवायची यावर असा खल चालू असताना यादीतच नाव नसेल तर काय, हा प्रश्न मागे पडतो. ५ नोव्हेंबर २०१७ रोजी टेक्सासमधील सदरलँड स्प्रिंग्जच्या चर्चमध्ये २६ जणांचा बळी घेणाऱ्या माणसाला हवाई दलाच्या लष्करी न्यायालयाने कौटुंबिक हिंसाचारासाठी शिक्षा केली होती. पण ती नोंद एफबीआयकडे पोहोचलीच नव्हती. त्याची तपासणी झाली आणि उत्तर मिळाले: विक्री करा.

[दृश्य: मार्टिन्सबर्ग. कागदांनी भरलेल्या खोक्यांच्या रांगा.]

मग तो फॉर्म क्रमांक ४४७३ कुठे जातो? तो दुकानदाराच्याच कपाटात राहतो आणि २०२२ च्या नियमानुसार दुकान चालू असेपर्यंत तो नष्ट करता येत नाही. दुकान बंद झाले की सगळे कागद वेस्ट व्हर्जिनियातच मार्टिन्सबर्गच्या राष्ट्रीय माग केंद्रात येतात. तिथे त्यांची छायाचित्रे घेतली जातात, मात्र ती नावाने शोधता येणार नाहीत अशाच पद्धतीने ठेवली जातात. गुन्ह्याच्या ठिकाणी सापडलेल्या पिस्तुलाचा अनुक्रमांक पोलिसांनी कळवला की केंद्रातला कर्मचारी आधी कारखान्याला विचारतो, कारखाना घाऊक व्यापाऱ्याचे नाव सांगतो, व्यापारी दुकानाचे. ते दुकान बंद पडलेले असेल तर कर्मचारी त्या दुकानाची छायाचित्रे उघडतो आणि कुणाच्या तरी हस्ताक्षरातला तो एक अनुक्रमांक दिसेपर्यंत पानामागून पान डोळ्यांखालून घालत राहतो.