जामीन झाला, पण जामीनदार कुठून आणायचा?

नमस्कार मंडळी. शिवाजीनगर कोर्टात सकाळी गेलात तर गेटपाशी हमखास एखादी बाई दिसेल, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत रेशन कार्ड, आधार, कुणाचा तरी सातबारा. नवऱ्याला जामीन झालाय, पण जामीनदार लागतो, आणि ओळखीपाळखीची माणसं सगळी गावाकडं, म्हणून नवरा अजून येरवड्यातच. वकिली करताना हे बघतो आणि मला न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर आठवतात.

केरळातल्या थलश्शेरीला ते वकिली करायचे, कामगार-शेतकऱ्यांच्या केसेस घ्यायचे, आणि १९४८ साली कम्युनिस्टांना मदत करता म्हणून त्यांनाच आत टाकलं. पुढं १९५२ ला मद्रास विधानसभेत गेले, १९५७ ला केरळात नंबुद्रिपादांच्या कम्युनिस्ट सरकारात मंत्री झाले, आणि खाती बघा, कायदा, गृह आणि तुरुंगसुद्धा! १९६८ ला हायकोर्टात जज, १९७३ ला सुप्रीम कोर्टात. राजकारणातला माणूस न्यायाधीश कसा, म्हणून तेव्हा बरीच ओरड झाली. शंका रास्तच होती, पण कोठडी आतून बघितलेला माणूस त्या खुर्चीवर बसला म्हणून किती फरक पडला ते मोतीरामच्या केसमध्ये कळतं.

मोतीराम मध्य प्रदेशातला गवंडी. सुप्रीम कोर्टानं जामीन दिला, तर मॅजिस्ट्रेटनं दहा हजारांचा जामीनदार मागितला. सख्खा भाऊ उभा राहिला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो चालेना! १९७८ चा निकाल आहे, अय्यरांनी स्पष्ट लिहिलं की जिल्हा वेगळा म्हणून जामीनदार नाकारायचा नाही, आणि गरिबाला परवडेल एवढीच रक्कम मागा, मोतीरामला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर, म्हणजे दुसऱ्या जामीनदाराशिवाय त्याच्या स्वतःच्याच हमीवर, सोडा. दहा हजार म्हणजे त्या काळी गवंड्याची किती वर्षांची मजुरी, विचार करा.

आणि हे जामिनापुरतंच नाही, १९८० मध्ये रतलाम शहरातल्या उघड्या गटारांची केस अय्यरांपुढं आली, नगरपालिका म्हणाली गटारं नीट करायला पैसे नाहीत, तेही त्यांनी ऐकून घेतलं नाही.

परवा वारज्याच्या मजूर अड्ड्यावरच्या एका बिगाऱ्यासाठी मी मोतीरामचा निकाल अर्जाला जोडला. जामीनदार त्याचा भाऊ, परभणीचा. साहेबांनी वाचलं, म्हणाले, चालेल. त्याची बायको मला दोनदा विचारत होती, "परभणीचा चालंल म्हणले ना, दादा?", आणि मग ऑर्डर येरवड्याला पोचायच्या आधी आपण पोचायचं म्हणून रिक्षा शोधायला पळाली.