थकलेल्या पगारापायी मिळालेलं गाव

श्रोतेहो, नमस्कार.

पोलंड म्हटलं की आपल्याकडे कोल्हापूरच्या लोकांना दुसऱ्या महायुद्धातली, पोलिश निर्वासितांची वळिवड्याची छावणी आठवते. आज मात्र आपण थेट पोलंडमध्येच जाऊ या, त्याच्या पूर्व टोकाला. ब्यावीस्तोक या शहरापासून साधारण ५० किलोमीटरवर, बेलारूसच्या सरहद्दीला जवळजवळ खेटून, क्रुशिन्यानी नावाचं एक खेडं आहे. रेताड जमीन, हलके चढउतार, पाइनची रानं आणि रस्त्याच्या कडेनं लाकडी घरं. इथवर विशेष काही नाही. पण पुढं गेलं की झाडांआड हिरव्या रंगाची एक लाकडी इमारत दिसते. दोन मनोरे आहेत, त्यामुळे लांबून कुणालाही चर्चच वाटावं. मनोऱ्यांच्या टोकावर मात्र क्रूस नाही, चंद्रकोर आहे. ती मशीद आहे.

इथं मशीद कशी आली? त्याचं उत्तर धर्मात कमी आणि हिशेबाच्या वहीत जास्त सापडतं. तेव्हा एकच राज्य असलेल्या पोलंड-लिथुआनियाच्या फौजेत तातार, म्हणजे तुर्की वळणाच्या मुस्लिम जमातीतल्या, घोडेस्वारांची पथकं पिढ्यान्‌पिढ्या होती. सतराव्या शतकातल्या लढायांनी राज्याची तिजोरी रिकामी झाली, स्वारांचे पगार थकले, वर जुने हक्कही काढून घेतले जाऊ लागले. अखेर १६७२ मध्ये काही पथकं सरळ तुर्कांच्या सुलतानाला जाऊन मिळाली. राजा यान सोबिएस्कीनं त्यांना परत वळवलं खरं, पण बाकी चुकवायला रोकड होती कुठं? मग १६७९ मध्ये त्यानं पैशांऐवजी जमिनी दिल्या. क्रुशिन्यानी आणि आसपासची जमीन कर्नल सॅम्युएल मुर्झा क्शेचोव्स्की आणि त्याच्या स्वारांच्या वाट्याला आली. आपल्याकडच्या वतनासारखाच हा प्रकार: जमीन कसायची, आणि बोलावणं आलं की घोड्यावर बसायचं.

पुढे १६८३ मध्ये, व्हिएन्नाच्या लढाईनंतर, पार्कानीच्या रणांगणावर क्शेचोव्स्कीनं राजाचे प्राण वाचवले, अशी आख्यायिका आहे. त्याच उपकारापोटी गाव मिळालं, असंही कुणी रंगवून सांगतं. सालं मात्र जुळत नाहीत. जमीन चार वर्षं आधीच दिली गेली होती. मला तर थकबाकीची खरी गोष्टच जास्त आवडते.

मशिदीला चर्चचा तोंडवळा का, याचा उलगडाही सोपा आहे. बांधणारे सुतार याच मुलखातले. त्यांना जसं बांधता येत होतं, तसं त्यांनी बांधलं. आत बायकांसाठी वेगळी खोली आहे, भिंतींवर कुराणातली वचनं चौकटीत लावलेली आहेत. जवळच्या टेकाडावर, झाडीत, मिझार म्हणजे दफनभूमी आहे. तिथल्या दगडांवर अरबी, पोलिश आणि रशियन अशा तिन्ही लिप्या भेटतात. इथं कोणाकोणाची राज्यं होऊन गेली, हे त्यांवरून कळतं. तातारांची स्वतःची भाषा केव्हाच मागे पडली. आडनावंही पोलिश वळणाची झाली. धर्म तेवढा टिकला.

दुसऱ्या महायुद्धानंतर सरहद्द पश्चिमेकडे सरकली आणि तातारांची बरीच जुनी गावं सोव्हिएत हद्दीत गेली. पोलंडमध्ये जुन्या लाकडी मशिदी उरल्या त्या दोनच, एक इथली आणि दुसरी बोहोनिकी गावातली. २०२१ च्या शरद ऋतूत बेलारूसमार्गे येणारे निर्वासित याच सरहद्दीवरच्या जंगलांत थंडीनं मेले, तेव्हा त्यांतल्या काहींना बोहोनिकीच्या तातारांनी आपल्या दफनभूमीत जागा दिली.

क्रुशिन्यानीत आता तातार घरं मोजकीच आहेत. शेजारी बहुतेक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. बाकीची कुटुंबं ब्यावीस्तोक, ग्दान्स्ककडे पांगली. मात्र या भागातल्या तातार स्वयंपाकघरांत पिएरेकाचेवनिक अजून होतं: पिठाच्या सहा पातळ पोळ्या, प्रत्येकीला लोणी, त्यांत मांस किंवा पनीर, मग गुंडाळी करून गोगलगायीसारखी वळवायची आणि भट्टीत भाजायची. २००९ मध्ये युरोपीय संघानं या पदार्थाला पारंपरिक पाककृती म्हणून संरक्षण दिलं.

नमस्कार.