शहापुरातला अंधारा सोपा

बेळगावात मृग लागला की शहापुरातल्या जुन्या घरांत दुपारीच बटण दाबावं लागतं. घरं लांबट, भिंतीला भिंत लागलेली. उजेड यायचा तो पुढच्या दारातून, नाहीतर मागच्या परड्यातून. मधलं माजघर बाराही महिने काळोखं.

ह्या घराच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, पूर्वी माग होता. आता तिथं सोफा आहे. आज्जींच्या थोरल्या नातवानं मोबाइलवर फोटो बघून समोरची भिंत गडद विटकरी करून घेतली. उन्हाळ्यात देखणी दिसली. आत्ता आषाढातली दिवेलागण, लाईट गेलेली. बघा, भिंत काळी पडलीय आणि शेजारचं निळं दार मात्र अजून ओळखू येतंय. रंगाचा दोष नाही. उजेड मंदावला की डोळ्याला लाल रंग आधी विझलेला दिसतो, निळा त्या मानानं टिकतो. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे टिपून ठेवलंय.

जुन्या लोकांनी भिंती चुन्यानं पांढऱ्या ठेवल्या. चुन्यात चिमूटभर नीळ, म्हणजे पिवळट झाक मरते आणि पांढरा अधिक पांढरा वाटतो. खाली वीतभर कावेचा पट्टा, पायाची धूळ आणि पावसाचे शिंतोडे झाकायला. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घट्ट होतो, पण भिंतीतली ओल कोंडून धरत नाही. कणकुंबी-जांबोटीच्या डोंगराकडच्या पावसात ही गोष्ट शेडकार्डावरच्या कुठल्याही नावापेक्षा मोलाची. ओल्या भिंतीवर प्लास्टिक पेंट मारला, की पुढच्या श्रावणात पोपडे हातात.

पेंटर सांगतो, "आज्जी, कार्डावरचा कलर आणि भिंतीवरचा कलर एक नसतोय बघा." खरं आहे. शेजार बदलला की रंग बदलतो. पॅरिसच्या गोबेलिन्स कारखान्यात काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली, तेव्हा तिथल्या रंगविभागाचे प्रमुख शेव्हरल यांनी शोध घेतला. रंग पक्काच होता. शेजारचे धागे त्याला फिकं पाडत होते. त्यांचा ग्रंथ १८३९ सालचा. शहापुरात साडीचे काठ विणणाऱ्यांना हे सांगायला पॅरिस लागत नाही. तोच पिवळा जांभळ्याशेजारी उठतो आणि केशरीशेजारी बसतो.

जागेचंही तसंच. ह्या सोप्याच्या तुळया हाताला लागाव्यात इतक्या खाली. म्हणून वरचं छत पांढरं, आणि तोच पांढरा भिंतीवरही वीतभर उतरवलेला: छत नेमकं कुठं सुरू होतं ते डोळ्याला चटकन कळत नाही, आणि ते उंच भासतं. माजघराकडं जाणारा बोळ लांब वाटतो, तर त्याच्या टोकाची भिंत गडद केली की ती जवळ येते.

राहिली मनाची गोष्ट. निळा शांत, पिवळा आनंदी, असे तक्ते दुकानात मिळतात. मला त्यांचा भरवसा नाही. १९७९ मध्ये अमेरिकेत नौदलाच्या एका तुरुंगाची कोठडी गुलाबी रंगवली होती, कैदी निवळतात म्हणून. पुढं नीट तपासणी झाली, तेव्हा तो परिणाम काही दिसला नाही. चार महिने दिवसा दिवा लावून बसायचं असेल, तर मन आधी उजेड मागतं.

पेंटरनं तीन पुठ्ठे रंगवून आणलेत: फिका पिवळा, मोरपंखी, आणि राखाडी. राखाडी नातवाला पसंत. भिंतीला एकेक टेकवून पेंटर थांबतो. आज्जी काही बोलत नाहीत. सूप घेऊन प्रत्येक पुठ्ठ्याखाली बसतात, तांदूळ निवडतात, उठतात. पिवळ्यापाशी जरा जास्त वेळ जातो.

"हाच मार," त्या म्हणतात. "ह्यात खडं दिसाल्यात."