जग थांबले, तर खान्देशाने अमर्याद काय मागावे? माझे उत्तर: मीठ

नमस्कार मंडळी. जगाची सारी व्यवस्था एकाएकी कोलमडली, रेल्वे, वीज, दुकाने आणि मोबाईल कायमचे बंद पडले, आणि आपल्याला कोणतीही एकच वस्तू कधीही न संपणारी अशी मिळणार असेल, तर ती कोणती मागावी, हा प्रश्न सध्या जिकडेतिकडे फिरतो आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या प्रेक्षकांनी तो मला वारंवार विचारला आहे, म्हणून आज त्यावरच बोलणार आहे. माझे उत्तर मीठ हे आहे. साधे, खायचे, आयोडीनयुक्त मीठ.

नियम आपल्याला ठाऊकच आहेत. वस्तू एकच मागायची, ती हवी तेवढी मिळेल, आणि तिच्या जोडीला दुसरे काहीही मिळणार नाही. हा शेवटचा नियम बरेच जण विसरतात. ज्यांनी डिझेल मागितले आहे, त्यांनी टायर, बॅटरी, फिल्टर आणि इंजिनाचे सुटे भाग कोठून आणायचे, हे एकदा स्वतःला विचारावे.

आता खरा अवघड भाग. आपण सगळे "मला रोज सर्वांत जास्त काय लागते?" या प्रश्नापासून सुरुवात करतो आणि पाणी किंवा धान्य या उत्तरापाशी थांबतो. विचारायला हवे ते असे, की माझ्या गावापासून बैलगाडीच्या टप्प्यात कोणती गोष्ट तयारच होऊ शकत नाही, आणि तरीही तिच्यावाचून माणूस जगू शकत नाही? हा प्रश्न मी आज पुन्हा पुन्हा विचारणार आहे, कारण आलेल्या बहुतेक उत्तरांची गाडी नेमकी इथेच अडली आहे.

एका प्रेक्षकाने अहिराणीत लिहिले, "पानीबिगर कसा जगशी, भाऊ?" पाण्यावाचून कोणीच जगणार नाही, हे मान्य आहे. परंतु तापी, गिरणा आणि पांझरा या नद्या वीज गेली म्हणून आटणार नाहीत. पांझरेच्या काठी फड पद्धतीने शेती होत आली आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली फड आणि एका फडात सर्वांचे एकच पीक, अशी ही व्यवस्था कित्येक पिढ्या केवळ उतारावर चालली; तिला ना मोटार लागली, ना डिझेल. रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात भूजल फार खोल गेले आहे आणि मोटारीवाचून तिथली केळी टिकणार नाही, हेही खरे आहे. तिथे केळीच्या जागी ज्वारी घ्यावी लागेल. आपली दादर ज्वारी काळ्या जमिनीतल्या ओलीवर रब्बीत पिकते. म्हणजे पाणीही कष्टाने मिळेल आणि भाकरीही कष्टाने मिळेल. मीठ मात्र कितीही कष्ट केले तरी खान्देशात पिकणार नाही.

स्वयंपाकघरातून पाहू. मिठाला लोक चवीची वस्तू समजतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. वीज गेली की शीतकपाट गेले, आणि मग अन्न टिकवण्याचे दोनच मोठे मार्ग उरतात, ऊन आणि मीठ. मीठ अन्नातले पाणी ओढून घेते आणि अन्न कुजवणाऱ्या जिवाणूंना वाढू देत नाही. कैरीचे लोणचे वर्षभर टिकते ते यामुळेच. माझ्या मावशीच्या गावी उन्हाळ्यात बिबड्या करायला सारी गल्ली एकत्र येते. ज्वारी भिजवायची, आंबवायची, तिचा घाटा शिजवायचा आणि पापड थापून गच्चीवर वाळवायचे. एका वर्षी एका मोठ्या पातेल्यातल्या घाट्यात मीठ पडलेच नव्हते आणि त्या बिबड्या वर्षभर डब्यात तशाच राहिल्या. कोणाच्या घशाखाली उतरल्या नाहीत.

हाच प्रश्न आता शरीराच्या बाजूने विचारा. भुसावळ-जळगावचा मे महिना आपण जाणतो, पारा 45 अंशांच्या आसपास जातो. यंत्रे बंद पडल्यावर सारी शेती अंगमेहनतीवर येईल आणि घामाबरोबर पाणीच नव्हे, तर सोडियमही जाईल. तासन्‌तास घाम गाळून नुसते साधे पाणी पीत राहिले, तर रक्तातील सोडियमचे प्रमाण धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. आमच्या ओळखीच्या एका केळीच्या कांदेबागेत घड कापणाऱ्या मजुरांच्या पोटऱ्यांत गोळे येऊ लागले, तेव्हा मळ्यातल्या आजोबांनी सर्वांना मीठ घातलेले ताक देऊन सावलीत बसवले होते. ते आजोबा जे करत होते, त्यामागे पक्के शास्त्र आहे. 1971 मध्ये बांगलादेशाच्या युद्धकाळात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला होता आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले होते. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून रुग्णांना तोंडाने पाजले, आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आले. घरी करायचे प्रमाण आजही सोपे आहे: एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. साखर नसेल, तर धान्याची पातळ पेज साखरेची जागा घेऊ शकते. मिठाची जागा कोण घेणार?

आणि तिसऱ्या बाजूने, गोठ्यातून. डिझेल संपले की नांगर बैलावर येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. आपण वरची मर्यादा धरली, तरी दोन हजार वस्तीच्या गावाला रोज 10 किलो आणि वर्षाला साडेतीन टनांहून थोडे अधिक मीठ लागते. दुभत्या गाईला मात्र दिवसाला साधारण 30 ग्रॅम लागते. गावात अशी पाचशे जनावरे असतील, तर रोजचे 15 किलो झाले, म्हणजे माणसांपेक्षा गोठ्याचेच मीठ जास्त. सरकीची पेंड आपण गावात काढू, कडबा शेतातून येईल, पण चाटण ठेवायला मीठ बाहेरूनच आणावे लागेल.

पूर्वी ते आणलेच जात होते. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ लादून किनाऱ्यापासून देशाच्या आत येत. मीठ किती मोलाचे आहे, हे इंग्रजांनी नेमके ओळखले होते. मिठावरचा कर चुकू नये म्हणून त्यांनी सिंधू नदीपासून महानदीच्या खोऱ्यापर्यंत दोन हजार मैलांहून लांब जकातीची सीमा आखली आणि तिच्यावर काटेरी झाडांचे कुंपण वाढवले. ते कुंपण थेट बुऱ्हाणपूरपर्यंत, म्हणजे फारुकी सुलतानांच्या जुन्या खान्देशाच्या राजधानीपर्यंत आले होते. 1879 मध्ये ती सीमा रद्द झाली, तरी मिठाचा कर राहिला आणि त्यासाठीच 1930 मध्ये गांधीजी दांडीला चालत गेले.

यावर दोन आक्षेप आले आहेत. पहिला असा, की शेजारी पूर्णेच्या खोऱ्यात खारपाण पट्टा, म्हणजे खारट भूजलाचा भाग आहे, तिथले पाणी आटवावे. समजा, त्या पाण्यात लिटरमागे 3 ग्रॅम क्षार आहेत. तेवढ्यावर गावाचे रोजचे 10 किलो काढायचे, तर तीन हजार लिटरहून अधिक पाणी दररोज आटवावे लागेल, आणि हाती येईल ते शुद्ध मीठ नसून निरनिराळ्या क्षारांचे मिश्रण असेल. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, म्हणून मिठागरे किनाऱ्यावर आहेत. दुसरा आक्षेप राखेचा आहे. झाडांच्या राखेत मुख्यतः पोटॅशियमचे क्षार असतात, सोडियमचे अत्यल्प. तिने सोडियमची गरज भागत नाही.

मिठाचा आणखी एक उपयोग तर बहुतेकांच्या ध्यानातच आलेला नाही. मिठाच्या पाण्यातून सौर पॅनेलची वीज सोडली, की पाणी निर्जंतुक करणारे क्लोरीनयुक्त द्रावण तयार होते. याच तत्त्वावर चालणारी उपकरणे दुर्गम भागांत वापरली जातात. ज्यांना पाणी मागायचे होते, त्यांना पिण्याजोगे पाणीही असे मिठातूनच मिळेल. हा प्रयोग घरी बंद खोलीत कृपया कोणीही करू नये, कारण त्यात क्लोरीन आणि हायड्रोजन हे दोन्ही वायू निघतात.

आयोडीनचा आग्रह मी का धरतो, हेही सांगतो. गर्भवती स्त्रीला आयोडीन कमी पडले, तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. समुद्रापासून दूरच्या आणि डोंगराळ भागांत जमिनीत ते कमी असते, म्हणूनच 1962 मध्ये देशात गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. दमट हवेत आणि उष्णतेत मिठातले आयोडीन हळूहळू उडून जाते, पण पुरवठा रोज ताजाच मिळणार असेल, तर साठवणुकीची चिंता उरत नाही. सैंधव मागा, असे सुचवणाऱ्यांना माझा नकार आहे, तो याच कारणासाठी.

औषध मागणाऱ्यांचे म्हणणे मला सर्वांत वजनदार वाटले. परंतु वस्तू एकच असल्यामुळे औषधही एकच मिळेल, आणि एकाच प्रतिजैविकाचा मारा वर्षानुवर्षे चालू राहिला, तर जिवाणू त्याला दाद देईनासे होतात. मात्र एका ताईंनी लिहिले आहे, की त्यांच्या मुलाला टाइप वन मधुमेह आहे आणि त्या इन्सुलिनच मागतील. ताई, आपण इन्सुलिनच मागावे. आपल्या गावाचे मीठ शेजारच्या गावाने मागून घ्यावे आणि ते आपल्यापर्यंत पोहोचते करावे.