इथं महाराज आले होते का?

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय, 'रिकाम्या व्यापारी इमारती जपाव्यात का?' माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. जपाव्यात. सगळ्या नव्हे, पण काही नक्की. कारणं सांगायला पाऊण तास मिळालाय, आणि समोर निम्मी शाहूपुरी बसलेली दिसते. म्हणजे एक शब्द चुकला तरी जागच्या जागी दुरुस्त होणार.

मिरजेहून आपल्या कोल्हापूरला रेल्वे १८९१ मध्ये आली आणि १८९५ मध्ये शाहू महाराजांनी ही शाहूपुरी, गुळाची पेठ, वसवली, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण ती पेठ चालायची कशी, हे आता कुठं दिसतं? गूळ कधीच मार्केट यार्डात गेला. मागं राहिल्या त्या इमारती.

आमच्या गल्लीतली एक घ्या. खाली अडत दुकान, मागं गोदाम, वर दिवाणजींची खोली. गेली वीस वर्षं कुलूप आहे. नक्षी नाही, कमान नाही, फोटो काढावा असं काही नाही. पण जोतं बघा. काळ्या दगडाचं आणि बैलगाडीच्या पाठीला लागेल एवढं उंच. गाडी उलटी लावली की तीस किलोचा रवा, म्हणजे गुळाची ढेप, हमालाला वाकून उचलावा लागत नव्हता, सरळ पाठीवर घेता यायचा. खिडक्या लहान आणि छताजवळ, कारण पावसाळी हवा लागली की गूळ पाझरतो. म्हणजे गूळ आणि हमालाची पाठ, या दोहोंच्या मापानं बांधलेली ती इमारत आहे. अजून मृगाचा पाऊस पडला की तिच्या भिंतीतून मुंगळ्यांची रांग निघते. वीस वर्षांत आत गुळाचा खडा गेलेला नाही, पण मुंगळ्यांनी पत्ता सोडलेला नाही.

आता शेजारच्या इमारतीबद्दल बोलतो. ती आज नाही. माझे वडील तिथं तोलार, म्हणजे माल तोलून देणारे, होते. काट्याशेजारी एक सागवानी खांब होता, आणि त्यावर खिळ्यानं ओढलेल्या रेघा. चार उभ्या, पाचवी आडवी. खालपासून माझ्या डोक्याच्या वरपर्यंत. सगळ्या वडिलांच्या नव्हत्या, त्यांच्या आधीच्या दोन तोलारांच्याही होत्या. मी लहानपणी त्यावर बोट फिरवायचो, तर वडील ओरडायचे, "हात लावू नकोस रं, हिशेब हाय त्यो!" वही दिवाणजींकडे असायची. पण शेतकऱ्याला वही वाचता यायची नाही, खांब यायचा. पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, हातात पडायच्या आधी तो रेघा मोजून घ्यायचा. शंभर रवे म्हणजे पाच-पाच रेघांच्या वीस जुड्या. त्या खांबावर शेतकऱ्याचा विश्वास होता.

इमारत पाडणार असं कळलं तेव्हा मी अर्ज लिहून एका कार्यालयात गेलो. नाव घेत नाही, आणि तुम्हीही अंदाज बांधू नका. तिथल्या गृहस्थांनी अर्ज वाचला आणि विचारलं, "इथं महाराज आले होते का?" म्हटलं, नाही. "कुणी पुढारी? सभा वगैरे?" नाही. "मग कोण आलं होतं?" म्हटलं, हमाल, तोलार, अडत्ये आणि कागल-करवीरचे शेतकरी, रोज. त्यांनी अर्ज परत दिला. "वास्तू जुनी आहे, पण महत्त्वाची नाही." पंधरा दिवसांनी जेसीबी आला. खांब जुन्या लाकडाच्या वखारीत गेला. मी पोहोचलो तोवर त्याला रंधा मारून झाला होता. एक रेघ शिल्लक नव्हती. वडील तेव्हा हयात होते. मी त्यांना ते सांगितलं नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा माणसं रस्त्यावर उभी राहून रडली. मीही त्यांत होतो. १९१५ ची ती वास्तू, तिच्यासाठी रडायलाच हवं होतं. पण तो खांब गेला तेव्हा रडायला मी एकटाच होतो, ही माझी तक्रार आहे. शाहू मिल २००३ मध्ये बंद पडली, तिच्या भोंग्याची आठवण अजून निघते, कारण भोंगा गावभर ऐकू यायचा. अडत दुकानाला भोंगा नव्हता.

चिठ्ठी आली. सात मिनिटं. बरं, मूळ मुद्दा आता घाईत.

कायद्यात जागा आहे. मुंबईत १९९५ मध्ये वारसा नियमावली आली, तिच्यात तीन श्रेणी. तिसरी श्रेणी राजवाड्यांची नाहीच. वस्तीचा तोंडवळा घडवणाऱ्या, तिथल्या लोकांचं जगणं दाखवणाऱ्या इमारतींची ती श्रेणी. म्हणजे 'कोण आलं होतं' हा प्रश्नच तिथं गैरलागू. 'इथं काय चालायचं' हे विचारायचं. आणि या श्रेणीत आतून-बाहेरून बदल करता येतात, म्हणून मालकानं घाबरायचं कारण नाही.

मालकाचं दुखणं मला मान्य आहे. भाडं जुनं, वाटण्या सहा, खर्च त्याचा एकट्याचा. म्हणून मी प्रत्येक गोदामासाठी भांडत नाही. सलग चार-पाच इमारतींची एक ओळ ठेवा. आत हॉटेल काढा, बँक घाला, अभ्यासिका करा. जोतं, खिडक्या आणि फळ्यांचं दार तेवढं राहू द्या.

आणि रिकामी आहे म्हणून मोडकळीला आली, हे तर अर्धसत्य आहे. आधी एक कौल सरकतं. त्यातून पाणी तुळईत जातं, तुळई कुजली की भिंत पोट काढते. मग महापालिका कायद्याच्या कलम २६४ ची नोटीस, 'धोकादायक'. आठ-दहा वर्षांचा हा प्रवास एका कौलाच्या पैशात थांबला असता. आणि कृपा करून दगडी सांध्यांत सिमेंट भरू नका, ओल आतच कोंडते. चुनाच हवा.

दुसरी चिठ्ठी आली. येत्या रविवारी सकाळी सात वाजता स्टेशनसमोर जमूया. ती ओळ मोजून काढायची, दार-खिडक्यांसकट. मोजपट्टी माझ्याकडे आहे. कुणाकडे शिडी असेल तर आणा, छताजवळच्या खिडक्यांपर्यंत माझा हात पोहोचत नाही.